एन्डोस्कोपीच्या गुंगीत रुग्णाचा ऑक्सिजन आणि श्वास कसा सांभाळावा

एन्डोस्कोपीच्या खोलीत नव्याने कामाला लागलेल्या परिचारिका, तंत्रज्ञ आणि निवासी डॉक्टर यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. जठराची दुर्बिणीतून होणारी तपासणी बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत संपते, रुग्ण त्याच दिवशी घरी जातो आणि टाका तर एकही पडत नाही. त्यामुळे तिथे दिली जाणारी गुंगी ही किरकोळ बाब आहे, असा समज नव्या माणसाच्या मनात सहज रुजतो. शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल दिलेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेत बहुधा नळी असते आणि त्याचा श्वास यंत्राच्या ताब्यात असतो. एन्डोस्कोपीत मात्र रुग्ण स्वतःच्या बळावर श्वास घेत असतो, घसा उघडा ठेवणारे त्याचे स्नायू औषधाने सैल पडलेले असतात आणि त्याच घशातून डॉक्टर दुर्बीण आत नेत असतात. भूलतज्ज्ञ म्हणून मला ही खोली शस्त्रक्रियागृहापेक्षा अधिक सावधपणाची वाटते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करावी, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. श्वासाची कामे दोन आहेत : ऑक्सिजन आत घेणे आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणे. नाकाला लावलेली नळी पहिल्या कामाला मदत करते, दुसऱ्या कामाला तिचा काहीही उपयोग नसतो. साधी हवा घेणाऱ्या माणसाच्या कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ४० मिलिमीटर असेल, तर त्याच्या फुप्फुसातील ऑक्सिजनचा दाब साधारण १०० मिलिमीटर असतो. गुंगीमुळे श्वास निम्म्यावर आला आणि कार्बन डायऑक्साइड ८० पर्यंत चढला, तर हाच दाब ५० च्या आसपास येतो, सॅच्युरेशन ८५ किंवा त्याहून खाली घसरते आणि मॉनिटर ओरडू लागतो. आता त्याच रुग्णाला नाकातून दोन-तीन लिटर ऑक्सिजन सुरू आहे, म्हणजे तो साधारण ३० टक्के ऑक्सिजन घेत आहे, असे धरा. कार्बन डायऑक्साइड तितकाच, ८० पर्यंत चढला तरी फुप्फुसातील ऑक्सिजन ११० च्या वर राहतो आणि मॉनिटर शांतपणे ९८ दाखवत राहतो. रुग्णाचा श्वास निम्म्यावर आलेला असतो आणि खोलीत कोणालाही ते कळलेले नसते. म्हणून ऑक्सिजन प्रत्येकाला द्यावा, पण तो दिल्यावर आपली नजर आकड्यावरून काढून छातीवर ठेवावी.

पहिली पायरी : रुग्ण आत येण्यापूर्वी

सकाळी पहिला रुग्ण घेण्याआधी ऑक्सिजन भिंतीपासून रुग्णाच्या नाकापर्यंत खरोखर पोहोचतो का, हे तपासावे. फ्लोमीटरची गोळी वर गेली म्हणजे ऑक्सिजन पोहोचला असे नव्हे. ह्युमिडिफायरच्या बाटलीचे झाकण तिरके बसले असेल, तर सगळा ऑक्सिजन तिथूनच निसटतो आणि नळीच्या टोकाला काहीच येत नाही. नळीचे टोक पाण्याच्या पेल्यात धरून बुडबुडे पाहणे ही सर्वांत सोपी परीक्षा आहे. फ्लोमीटरचा आकडा गोळीच्या मध्यावर वाचावा.

भिंतीतील ऑक्सिजन असला तरी भरलेला सिलेंडर खोलीत हवाच, आणि त्यात किती मिनिटांचा ऑक्सिजन आहे ते आपल्याला तोंडी सांगता आले पाहिजे. हिशेब सोपा आहे. सिलेंडरची पाण्याची क्षमता लिटरमध्ये घ्यावी आणि तिला दाबाच्या (बारमधील) आकड्याने गुणावे. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या बी टाइप सिलेंडरची क्षमता सुमारे १० लिटर असते. काटा १०० वर असेल तर त्यात साधारण १००० लिटर ऑक्सिजन आहे, म्हणजे मिनिटाला १५ लिटरने तो तासभर पुरतो आणि थोडा उरतो. सिलेंडर उघडण्याचा पाना साखळीने सिलेंडरलाच बांधून ठेवावा. माझ्या शिकाऊ दिवसांत एका रुग्णालयात भिंतीतील दाब अचानक पडला, भरलेला सिलेंडर समोर उभा होता आणि पाना शेजारच्या वॉर्डात गेला होता. वॉर्डबॉय मामा धावत जाऊन तो घेऊन येईपर्यंतची दोन मिनिटे मी आजही विसरलेलो नाही. रेग्युलेटरच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेते.

लहान गावांतील रुग्णालयांत सिलेंडरऐवजी कॉन्सन्ट्रेटर ठेवलेला दिसतो. नाकाच्या नळीसाठी तो चालतो. मात्र पाच लिटरचे यंत्र अंबू बॅगला (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीला) लागणारा १५ लिटरचा प्रवाह देऊ शकत नाही, आणि वीज गेली की तेही नसते. त्यामुळे कॉन्सन्ट्रेटर असला तरी सिलेंडर लागतोच.

याच वेळी रुग्णाच्या डोक्याशी हाताला लागेल अशा जागी पुढील वस्तू मांडून ठेवाव्यात : रिझर्व्हॉयर जोडलेली अंबू बॅग, तीन मापांचे मास्क, नाकातून घालायची आणि तोंडातून घालायची एअरवे (घसा खुला ठेवणारी आखूड नळी), स्वरयंत्र पाहण्याचा लॅरिंगोस्कोप आणि श्वासनलिकेत घालायच्या नळ्या, तसेच दुर्बिणीच्या सक्शनपासून वेगळे असे दुसरे सक्शन. हे दुसरे सक्शन बहुतेक ठिकाणी विसरले जाते. रुग्णाला उलटी झाली की दुर्बीण बाहेर असते आणि तिचे सक्शन तिच्याबरोबरच बाहेर असते.

दुसरी पायरी : रुग्णाशी बोलणे

कोणाचा श्वास अडखळणार याचा अंदाज गुंगी देण्यापूर्वीच्या पाच मिनिटांत बराचसा बांधता येतो. घोरता का, असे रुग्णाला विचारण्यापेक्षा त्याच्या बरोबर आलेल्या घरच्यांना विचारावे, कारण झोपेत श्वास मध्येच थांबून पुन्हा दचकून सुरू होतो हे शेजारी झोपणाऱ्यालाच माहीत असते. जाड आणि आखूड मान, स्थूलपणा, मागे असलेली हनुवटी, तोंड पूर्ण न उघडणे या गोष्टी डोळ्यांनी पाहून नोंदवाव्यात. तंबाखू आणि सुपारीच्या दीर्घ सवयीमुळे तोंड दोन बोटेच उघडणारे रुग्ण महाराष्ट्रात नेहमी भेटतात. अशा रुग्णाला अंबू बॅगने श्वास देणे आणि नळी घालणे दोन्ही कठीण जाते, म्हणून त्याची गुंगी भूलतज्ज्ञानेच ठरवावी. हलणारा दात आणि कवळी यांची चौकशी करावी आणि कवळी काढून ठेवावी.

उपाशी राहण्याचा नियम सर्वांना पाठ असतो, तरी तो ज्या ठिकाणी मोडतो ते ठिकाण म्हणजे चहा. घन पदार्थांसाठी सहा तास आणि साध्या पाण्यासाठी दोन तास, असा सर्वसाधारण नियम आहे, आणि दूध घातलेला चहा घन पदार्थांत मोडतो. ‘काही खाल्लेत का?’ या प्रश्नाला रुग्ण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, कारण चहा पिणे म्हणजे खाणे असे त्याला वाटत नाही. ‘सकाळपासून चहा, दूध, पाणी, औषध, काय काय पोटात गेले?’ असे विचारावे. जठराचे तोंड अरुंद झालेल्या किंवा अन्ननलिकेचे खालचे टोक न उघडणाऱ्या रुग्णाच्या पोटात किंवा अन्ननलिकेत बारा तासांनंतरही अन्न असू शकते, आणि रक्ताची उलटी झालेल्याच्या पोटात रक्त असते. या रुग्णांत श्वासनलिकेत नळी न घालता दिलेली गुंगी आणि नाकाची नळी ही धोक्याची जोडी आहे. त्यांना गुंगी देण्यापूर्वी श्वासनलिकेत नळी घालायची का, हे आधीच भूलतज्ज्ञाशी बोलून ठरवावे.

तिसरी पायरी : मॉनिटर लावणे आणि तो वाचणे

कोविडनंतर प्रत्येक नातेवाईक सॅच्युरेशनचा आकडा वाचू लागला आहे. आपल्याला मात्र तो आकडा कुठून येतो हेही ठाऊक असले पाहिजे. प्रोब बोटातून तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश पाठवतो. नाडीच्या ठोक्याबरोबर त्या प्रकाशात जो बदल होतो तेवढाच मोजावा, ही कल्पना जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली. ठोक्यावर सारे अवलंबून असल्यामुळे ठोका नीट न मिळाल्यास आकडा फसवा येतो. रक्तदाबाचा पट्टा आणि प्रोब एकाच हातावर असतील, तर पट्टा फुगला की सॅच्युरेशन नाहीसे होते. वातानुकूलित खोलीत बोटे गार पडली तरी तेच घडते. गडद नेलपॉलिश पुसावी. मेंदी दाट असेल तर प्रोब दुसऱ्या बोटाला किंवा कानाच्या पाळीला लावावा. आकड्यासोबत नाडीची लहर स्पष्ट दिसत असेल तरच आकड्यावर विश्वास ठेवावा. प्रोबचा आवाज कधीही बंद करू नये, कारण सॅच्युरेशन घसरताना सूरही खाली उतरत जातो आणि पाठ वळलेली असली तरी ते कानांना कळते.

तरीही हा आकडा मागाहून कळवणारा आहे. फुप्फुसात ऑक्सिजन कमी झाल्यावर बोटापर्यंत ते कळायला अर्धा मिनिट किंवा अधिक वेळ जातो, आणि जोडीला ऑक्सिजन सुरू असेल तर श्वास थांबल्यानंतरही बराच वेळ तो ९५ च्या वर राहतो. श्वास थांबताच सांगणारे यंत्र कॅप्नोग्राफ आहे; ते बाहेर पडणाऱ्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजते आणि त्याची लहर दाखवते. मध्यम आणि खोल गुंगीत ते वापरावे, असे अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ पासून आपल्या मानकांत म्हटले आहे. नाकाच्या नळीतच नमुना घेणारी बारीक वाहिनी असलेल्या नळ्या मिळतात, त्या वापराव्यात. श्वासनलिकेत नळी नसलेल्या रुग्णात कॅप्नोग्राफचा आकडा ऑक्सिजनच्या मिश्रणामुळे खऱ्यापेक्षा कमी येतो, त्यामुळे ३५ ते ४५ या नेहमीच्या मापाशी तो ताडून पाहण्यात अर्थ नाही. लहर येते का, किती वेळा येते आणि सुरुवातीच्या तुलनेत ती बुटकी होत चालली आहे का, हे पाहावे. लहर सपाट झाली तर आधी रुग्ण पाहावा आणि मग नळीत पाणी साचले किंवा ती दुमडली का, ते शोधावे. हा क्रम उलटा होता कामा नये.

कॅप्नोग्राफ नसलेल्या रुग्णालयात काम करत असाल, तर एक व्यक्ती केवळ श्वासासाठी नेमून घ्यावी. तिने हात रुग्णाच्या छातीवर ठेवावा, कंठावर स्टेथोस्कोप ठेवून हवा जाते का ते ऐकावे आणि बायोप्सीची बाटली धरणे, नोंदी करणे, फोन घेणे यांपैकी काहीही करू नये.

चौथी पायरी : गुंगीपूर्वी ऑक्सिजन साठवणे

ही पायरी सर्वांत स्वस्त आहे आणि घाईत सर्वांत आधी गाळली जाते. श्वास सोडल्यावर मोठ्या माणसाच्या फुप्फुसात साधारण अडीच लिटर वायू उरतो. साधी हवा घेत असताना त्यात जेमतेम तीन-साडेतीनशे मिलिलिटर ऑक्सिजन असतो, आणि शरीर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर खर्च करते. म्हणजे श्वास थांबला तर शिल्लक मिनिटभराची आहे. हीच फुप्फुसे शुद्ध ऑक्सिजनने भरली तर शिल्लक दोन लिटरच्या आसपास जाते आणि आपल्याला कित्येक मिनिटे मिळतात. स्थूल व्यक्ती, गरोदर स्त्री आणि पोटात पाणी झालेला यकृताचा रुग्ण यांच्यात ही साठवण मुळातच लहान असते, म्हणून त्यांच्याबाबत ही पायरी अजिबात टाळू नये.

रिझर्व्हॉयर पिशवीचा मास्क १० ते १५ लिटरवर घट्ट बसवून रुग्णाला तीन ते पाच मिनिटे सावकाश, खोल श्वास घ्यायला सांगावे. हीच मिनिटे संमतिपत्र तपासायला आणि सुई पाहायला वापरता येतात. डोक्याची बाजू थोडी उंच ठेवावी. मग मास्क काढून नाकाची नळी लावावी. नळीची टोके खाली वळलेली असावीत आणि कानांमागून घेतलेली नळी रुग्ण डाव्या कुशीवर वळल्यावर खांद्याखाली दबत नाही, हे बघावे.

प्रवाह किती ठेवावा, हा प्रश्न नवी माणसे हमखास विचारतात. नाकाच्या नळीने मिनिटाला २ लिटर दिल्यास साधारण २८ टक्के आणि ४ लिटर दिल्यास ३६ टक्के ऑक्सिजन मिळतो, असा ढोबळ हिशेब आहे. रुग्ण किती जोरात श्वास ओढतो त्यावर तो बदलतो. हलक्या गुंगीत २ ते ४ लिटर पुरतात. प्रोपोफॉल या शिरेतून देण्याच्या भुलीच्या औषधाची खोल गुंगी असेल, तर मी ४ ते ६ लिटरपासून सुरुवात करतो. दुर्बिणीसाठी मधोमध पडदा असलेला मास्क किंवा ऑक्सिजनची खाच असलेला माउथ गार्ड मिळत असेल, तर तोंडाने श्वास घेणाऱ्यांना त्याचा फायदा होतो.

नाकातून गरम आणि दमट ऑक्सिजन मिनिटाला ६० लिटरपर्यंत देणारी हाय फ्लो यंत्रे आता जिल्ह्याच्या ठिकाणीही पोहोचली आहेत. चीनमधील तीन रुग्णालयांत सुमारे २००० रुग्णांवर झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यासंदर्भात महत्त्वाचा आहे. जठराच्या एन्डोस्कोपीसाठी प्रोपोफॉल दिलेल्या रुग्णांत साध्या नळीने २ लिटर ऑक्सिजन घेणाऱ्यांपैकी ८.४ टक्के जणांचे सॅच्युरेशन ९० च्या खाली गेले, हाय फ्लो गटात तसे कोणाचेच झाले नाही. मात्र ते रुग्ण मुळात धडधाकट होते, आणि इतक्या ऑक्सिजनमुळे मंदावलेला श्वास अधिकच लपतो, शिवाय एवढ्या प्रवाहात नाकाजवळच्या कॅप्नोग्राफची लहरही नीट मिळत नाही. हाय फ्लो लावल्यावर छातीवरची नजर वाढवावी लागते.

पाचवी पायरी : गुंगी आणि दुर्बिणीचा प्रवेश

मिडाझोलॅम या गुंगीच्या औषधाचा परिणाम शिरेतून दिल्यावर पूर्ण दिसायला काही मिनिटे लागतात, आणि ‘अजून झोपले नाहीत’ म्हणून लगेच दिलेली दुसरी मात्रा हे श्वास मंदावण्याचे नेहमीचे कारण आहे. दोन मात्रांमध्ये किमान दोन मिनिटे थांबावे, आणि वृद्धांत त्याहून अधिक. फेंटानिल हे वेदनाशामक जोडीला असेल तर दोघांचा परिणाम केवळ बेरजेने वाढत नाही, तो त्याहून जास्त होतो. प्रोपोफॉलला उतारा नाही आणि ते काही सेकंदांत रुग्णाला पूर्ण भुलीत नेऊ शकते, म्हणून ते भूलतज्ज्ञाच्याच हाती असावे, असे माझे ठाम मत आहे.

दुर्बीण घशातून उतरते ती तीस-चाळीस सेकंदे सर्वांत नाजूक असतात. गुंगी कमी पडली तर रुग्ण श्वास रोखतो, खोकतो, आणि कधी स्वरयंत्र आकसून घट्ट मिटते. गुंगी जास्त झाली तर जीभ मागे पडते. या वेळी एक हात रुग्णाच्या हनुवटीखाली असावा आणि जबडा हलकासा पुढे उचललेला असावा. त्यामुळे श्वासाचा मार्ग खुला राहतो आणि दुर्बीणही सहज उतरते. पुढे तपासणी लांबली की जठरात भरलेली हवा छाती आणि पोट यांमधील पडद्याला वर ढकलते, तेव्हा अधूनमधून हवा ओढून घेण्याची आठवण एन्डोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांना नम्रपणे, पण न संकोचता करावी.

सहावी पायरी : सॅच्युरेशन घसरू लागल्यास

९५ च्या खाली आकडा जाताच ‘सर, सॅच्युरेशन ९४’ असे मोठ्याने म्हणावे. मनात म्हणून उपयोग नाही. ९० हा कड्याचा काठ समजावा, कारण तिथे रक्तातील ऑक्सिजनचा दाब साधारण ६० मिलिमीटर उरतो आणि पुढची घसरण फार वेगाने होते.

गुंगीचे औषध त्याच क्षणी थांबवावे. छाती पाहावी. ती हलतच नसेल तर रुग्णाला हाक मारावी, खांदा दाबावा, जबडा दोन्ही हातांनी पुढे उचलावा. ऑक्सिजन १० ते १५ लिटरवर न्यावा. बऱ्याच रुग्णांत एवढ्यानेच श्वास सुरू होतो. छाती हलते आहे, पण पोट वर आणि छाती आत असा झोपाळ्यासारखा खेळ दिसत असेल, तर वाट अडली आहे. तेव्हा घसा सक्शनने साफ करावा, जबडा उचलावा आणि नाकातून वंगण लावलेली एअरवे घालावी. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत ती टाळावी, कारण नाकातून रक्त घशात उतरल्यास नवे संकट उभे राहते.

आकडा ९० च्या खाली गेला आणि या उपायांनी लगेच वर येत नसेल, तर दुर्बीण बाहेर काढायला सांगावी. ‘फक्त एक बायोप्सी राहिली आहे’ हे उत्तर अशा वेळी स्वीकारू नये. रुग्णाला पाठीवर वळवावे आणि अंबू बॅग १५ लिटर ऑक्सिजनला जोडून एकाने दोन्ही हातांनी मास्क घट्ट धरावा, तर दुसऱ्याने पाच-सहा सेकंदांनी एकदा बॅग दाबावी. छाती उचलली की तिथेच थांबावे, कारण पूर्ण बॅग पिळल्यास हवा पोटात जाते आणि उलटी होते. स्वरयंत्र मिटले असेल तर शुद्ध ऑक्सिजनचा सततचा दाब मास्कमधून देत जबडा पुढे धरावा, आणि पुढची औषधे भूलतज्ज्ञ देतील.

उतारे त्यानंतर येतात. मिडाझोलॅमसाठी फ्लुमाझेनिल ०.२ मिलिग्रॅमच्या टप्प्यांनी, एकूण १ मिलिग्रॅमपर्यंत देतात. फेंटानिलसाठी नॅलोक्सोन थोडे थोडे देतात. उतारा शोधण्यात बॅग धरायचे राहून जाऊ नये. फिट्सचा त्रास असलेल्या किंवा रोज झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाला फ्लुमाझेनिल दिल्यास झटके येऊ शकतात, हे लक्षात ठेवावे.

सगळे ठीक असूनही सॅच्युरेशन ८५ च्या आसपास अडकून राहिले, ऑक्सिजन वाढवूनही हलेना आणि ओठ निळसर दिसले, तर घशात मारलेल्या बधिरीच्या स्प्रेची आठवण करावी. बेन्झोकेन, प्रिलोकेन आणि क्वचित लिग्नोकेन यांमुळे रक्तात ऑक्सिजन वाहू न शकणारे मेथहिमोग्लोबिन वाढते आणि प्रोब तिथेच खिळतो. त्यावर मिथिलिन ब्लू हे औषध आहे.

श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट विकारातील, म्हणजे सीओपीडीच्या ज्या रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साठतो त्यांच्यासाठी ८८ ते ९२ हे लक्ष्य पुरेसे असते आणि ऑक्सिजन १-२ लिटरने सुरू करावा. तथापि, सॅच्युरेशन ७५ वर आलेल्या रुग्णाला या नियमाच्या भीतीने ऑक्सिजन रोखून धरणे ही गंभीर चूक ठरेल. ईआरसीपीत (दुर्बिणीतून होणाऱ्या पित्तनलिका आणि स्वादुपिंडनलिकेच्या तपासणीत) रुग्ण पालथा असतो, खोली अंधारी असते आणि काम तासभर चालू शकते. ती नव्या माणसाने एकट्याने सांभाळायची जागा नव्हे.

सातवी पायरी : रिकव्हरी

दुर्बीण निघाली की टोचणारी संवेदना संपते, औषध मात्र रक्तात असते. त्यामुळे तपासणीनंतरच्या दहा मिनिटांत रुग्ण आधीपेक्षा गाढ झोपू शकतो. नेमक्या याच वेळी प्रोब काढून स्ट्रेचर हलवले जाते आणि सगळे पुढच्या रुग्णाकडे वळतात. प्रोब आणि ऑक्सिजन दोन्ही सुरू ठेवूनच, कुशीवर झोपवून रुग्णाला रिकव्हरीत न्यावे. तिथल्या सिस्टरला कोणते औषध किती वाजता आणि किती दिले, सॅच्युरेशन सर्वांत खाली कितीवर गेले होते, हे तोंडी सांगावे.

रुग्ण जागा होऊन बोलू लागल्यावर ऑक्सिजन बंद करावा आणि साध्या हवेवर त्याचे सॅच्युरेशन आधीइतके राहते का, हे त्याला न डिवचता किमान पंधरा-वीस मिनिटे पाहावे, कारण आपण बोलत राहिलो की तो श्वास घेत राहतो आणि एकटा पडला की पुन्हा पेंगतो. फ्लुमाझेनिल किंवा नॅलोक्सोन दिले असेल तर ही देखरेख दोन तासांपर्यंत वाढवावी, कारण उताऱ्याचा असर मूळ औषधाच्या आधी ओसरू शकतो. घरी सोडताना रुग्णाला आणि बरोबरच्या माणसाला दोघांनाही सांगावे की, पुढचे २४ तास गाडी चालवायची नाही, मद्य किंवा झोपेची गोळी घ्यायची नाही आणि पहिल्या रात्री खोलीत कोणीतरी सोबत झोपायचे. रुग्णाला हे सांगितलेले बहुधा आठवत नाही, म्हणून ते मराठीत कागदावर लिहून सोबतच्या माणसाच्या हाती द्यावे.